भूकंपशास्त्राचे आद्य उपासक : प्रोफेसर जॉन मिल्न

अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेस थोडें अंतर चालून गेलें म्हणजे घरांच्या दाटींतून एक काळाकभिन्न कडा एकाएकीं दृष्टीस पडतो. तोच गिल्बर्ट हिल होय. सुमारें २०० फूट उंचीचा हा खडक दुरून पाहिला असतां दगडी खांबांची मोळी उभी बांधून ठेवावी तसा दिसतो. माथ्यावर गांवदेवीचें देऊळ असून पायऱ्या चढून भाविकांची तेथें ये-जा चालू असते. परंतु आपण ज्या दगडावर पाऊल ठेवितों तो सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून वर आलेला तप्त रस थिजून झालेला आहे, हें फारच थोड्यांच्या ध्यानीं येतें. एकट्या गिल्बर्ट हिलचीच ही कथा नाहीं. घाटकोपर-मुलुंडच्या टेकड्या, कान्हेरीचीं लेणीं ज्यांत कोरलीं तो बोरिवलीचा डोंगर, आणि पलीकडे सह्याद्रीचे उत्तुंग कडे, हे सारे त्याच प्राचीन अग्निलीलेचे अवशेष होत.

हें वर्गांत सांगितलें कीं विद्यार्थ्यांचा प्रश्न ठरलेला असतो. हा अग्नि पुन्हां जागा होईल काय? सन १९६७ मध्यें कोयनेस आणि सन १९९३ मध्यें किल्लारीस जे भूकंप झाले, ते याच जुन्या अग्नीच्या धगीनें झाले काय? घरीं वडील मंडळींसहि हीच शंका येते, असें आम्हांस अनेकदां आढळून आलें आहे. शंका रास्त आहे. कारण ज्वालामुखी हाच भूकंपाचा जनक, ही समजूत फार पुरातन आहे. या प्रश्नाच्या पायीं ज्यांनीं आपलें आयुष्य वेचलें, ज्यांनीं प्रथम त्याचें चुकीचें उत्तर दिलें आणि पुढें स्वतःची चूक स्वतःच दुरुस्त केली, अशा एका थोर पुरुषाचें चरित्र आज आम्ही वाचकांस सादर करीत आहों. त्यांचें नांव प्रोफेसर जॉन मिल्न.

मिल्न यांचा जन्म ३० डिसेंबर १८५० रोजीं इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं झाला. लंडनच्या किंग्ज कॉलेजांत व तेथील प्रसिद्ध खनिविद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. पुस्तकी विद्येइतकीच त्यांना भटकंतीचीहि आवड होती. शिक्षण संपल्यावर न्यूफाउंडलंडच्या थंड व ओसाड मुलुखांत खनिजांचा शोध करण्याचें काम त्यांनीं पत्करलें.

सन १८७३ च्या अखेरीस त्यांना एक विलक्षण प्रवास घडला. पवित्र शास्त्रांतील निर्गम नामक पुस्तकांत सीनाय पर्वताचें वर्णन आलें आहे. परमेश्वर त्यावर उतरला तेव्हां पर्वतांतून धूर निघत होता व तो थरथरत होता, असें तेथें म्हटलें आहे. त्यावरून चार्ल्स बीक नांवाच्या एका वृद्ध पंडितानें असा तर्क बांधिला होता कीं, खरा सीनाय हा ज्वालामुखीच असला पाहिजे. या मतावर त्यांनीं पुस्तिकाहि प्रसिद्ध केली होती. तो पर्वत शोधण्यासाठीं बीकसाहेब त्र्याहत्तर वर्षांच्या वयांत अरबस्तानाकडे निघाले, व भूगर्भवेत्ता म्हणून त्यांनीं तेवीस वर्षांच्या मिल्न यांस बरोबर घेतलें. अकाबाच्या आखाताजवळ त्यांना हवा असलेला पर्वत सांपडला. परंतु त्याच्या दगडांत ज्वालामुखीची खूण नव्हती. बीकसाहेबांनीं आपलें मत चुकलें असें मोकळ्या मनानें कबूल केलें. त्याच वर्षीं त्यांचा अंत झाला. एका म्हाताऱ्या विद्वानानें आपलें लाडकें मत दगडाच्या साक्षीपुढें कसें खालीं ठेविलें, हें त्या तरुणानें डोळ्यांनीं पाहिलें. पुढें त्याच्यावरहि हीच पाळी यावयाची होती.

त्या काळीं जपानचें सरकार पाश्चात्य विद्या झपाट्यानें आत्मसात् करीत होतें. टोकियोच्या शाही इंजिनियरिंग कॉलेजांत भूगर्भविद्या व खाणकाम शिकविण्यासाठीं मिल्न यांची नेमणूक झाली. समुद्रप्रवासाचा त्यांना फार त्रास होई, असें सांगतात. म्हणून जहाजानें सरळ न जातां ते युरोप, सैबेरिया, मंगोलिया व चीन असा खुष्कीचा मार्ग तुडवीत निघाले, आणि कित्येक महिन्यांनीं, सन १८७६ च्या मार्चांत, टोकियोस पोंचले. तेथील पहिल्याच रात्रीं भूकंपाच्या धक्क्यानें त्यांचें स्वागत केलें, अशी आख्यायिका आहे. जपानांत धरणी हालणें हा नित्याचाच प्रकार असल्यामुळें तीत अशक्य असें कांहींच नाहीं.

खाणींचा हा अध्यापक प्रथम ज्वालामुखींकडेच ओढला गेला. ओशिमा बेटावरील ज्वालामुखी धगधगूं लागला तेव्हां मिल्न तेथें जाऊन तो प्रत्यक्ष पाहून आले. भूकंपाचा अभ्यास मात्र त्यांनीं जोरानें हातीं घेतला तो २२ फेब्रुवारी १८८० नंतर. त्या दिवशीं योकोहामा शहरास मोठा धक्का बसला व अनेक घरांचीं धुराडीं कोसळलीं. मिल्न यांनीं लगोलग मित्रांस एकत्र करून त्याच वर्षीं जपानची भूकंपसंशोधन संस्था उभी केली. केवळ भूकंपांच्या अभ्यासासाठीं स्थापन झालेली जगांतील ही पहिली संस्था होय.

भूकंप मोजावयाचा कसा, हीच मुळीं पहिली अडचण होती. जमीन हालली म्हणजे तीवरील सर्वच वस्तु हालतात; मग मोजणाऱ्यानें स्थिर कोठें उभें राहावें? लोकल गाडी एकाएकीं सुटली म्हणजे आंतील उभा उतारू मागें झुकतो, हा आपल्या उपनगरवासीयांचा रोजचा अनुभव आहे. गाडी पुढें जाते, पण अंगाचा जडपणा जागचा हालूं इच्छीत नाहीं. हेंच तत्त्व मिल्न व त्यांचे सहाध्यापक यूइंग आणि ग्रे यांनीं उपयोगांत आणिलें. एक वजनदार लोलक अशा युक्तीनें टांगावयाचा कीं, जमीन हालली तरी तो कांहीं काळ जागच्या जागीं राहावा. आणि जमिनीची व त्याची जी तफावत होईल ती लेखणीनें फिरत्या पृष्ठावर उमटावी. अशा तऱ्हेनें भूकंप स्वतःचें अक्षर स्वतः काढूं लागला. धक्क्यांची वाट पाहण्याइतकाहि धीर मिल्न यांना नसे. लोखंडाचा जड गोळा उंचावरून पाडून व जमिनींत सुरुंग उडवून ते कृत्रिम भूकंप करीत, आणि त्यांच्या लहरी किती वेगानें पसरतात हें मोजीत.

परंतु त्यांची सर्वांत नामी युक्ति अगदींच स्वस्त होती. टोकियोच्या सभोंवारच्या गांवोगांवच्या कचेऱ्यांत त्यांनीं पोस्टकार्डांचे गठ्ठे धाडून दिले. दर आठवड्यास एक कार्ड टाकून धक्का बसला किंवा नाहीं एवढेंच कळवावें, ही विनंति. उत्तरें येऊं लागलीं, नकाशावर खुणा पडूं लागल्या, आणि एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. बहुतेक धक्के पूर्वेकडून, म्हणजे समुद्राच्या बाजूनें येत होते. आणि जेथें ज्वालामुखींची रांग उभी आहे त्या मधल्या डोंगराळ मुलुखांत भूकंपाचा उपद्रव उलट कमी होता! ज्वालामुखी जर भूकंपाचा बाप, तर बापाच्या घरीं लेंकरूं कां दिसूं नये?

येथें वाचकांस वाटेल कीं मिल्न यांनीं जुनी समजूत तत्काळ टाकून दिली असेल. तसें झालें नाहीं. मनुष्य कितीहि बुद्धिमान् असो, मनांत घर करून बसलेलें मत सहजासहजीं उठत नाहीं. सन १८८६ मध्यें मिल्न यांनीं भूकंपावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, बहुतेक भूकंप ज्वालामुखीच्या उगमस्थानीं होणाऱ्या स्फोटांमुळें होतात. धक्के समुद्राकडून येतात याची संगतिहि त्यांनीं लाविली : समुद्रतळाच्या भेगांतून पाणी आंत शिरतें, खालच्या तप्त खडकांस लागतें, त्याची वाफ होते व स्फोट घडतो. ही उपपत्ति ऐकावयास किती सुबक! तो ग्रंथ अनेकांनीं वाचला व प्रोफेसरांचें नांव दूरवर पसरलें.

दरम्यान त्यांचा संसारहि जपानांतच थाटला गेला होता. हाकोदाते येथील एका बौद्ध मठाधिपतीची कन्या तोने होरिकावा हिच्याशीं त्यांचा सन १८८१ मध्यें विवाह झाला. भिन्न देश, भिन्न भाषा व भिन्न धर्म असतांहि त्या उभयतांनीं एकमेकांस जन्मभर साथ दिली.

ता. २८ ऑक्टोबर १८९१ ची सकाळ उजाडली. जपानच्या मध्यभागीं मिनो व ओवारी या सुपीक प्रांतांत लोक दिवसाच्या कामास लागत होते. इतक्यांत भयंकर धक्का बसला. गांवें क्षणार्धांत भुईसपाट झालीं, नागारा नदीवरील लोखंडी रेल्वेपूल कोसळला, विलायती पद्धतीनें विटांनीं बांधलेल्या गिरण्यांचा चुराडा झाला, आणि ७,००० हून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. मिल्न यांनीं त्या प्रदेशाची पाहणी केली व छायाचित्रांसह त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

त्या ढिगाऱ्यांपलीकडे, निओ नदीच्या खोऱ्यांत, जो देखावा होता त्यानें भूगर्भशास्त्राला नवें वळण दिलें. सुमारें ८० किलोमीटर लांबपर्यंत जमीन चिरत गेली होती. मिदोरी नांवाच्या गांवीं तर चिरेची एक बाजू दुसरीहून कांहीं ठिकाणीं सुमारें सहा मीटर उंच झाली होती. पूर्वीं सरळ असलेला रस्ता अर्ध्यावर तुटून त्याचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले होते. या खोऱ्यांत ना ज्वालामुखीचें तोंड, ना राख, ना लाव्हा! कोतो बुंजिरो या जपानी भूगर्भवेत्त्यानें या चिरेचा बारकाईनें अभ्यास करून निर्भयपणें सांगितलें कीं, भूकंपामुळें जमीन फाटली असें नव्हे, तर जमीन फाटून सरकली म्हणूनच भूकंप झाला. वाळलेली काटकी दोन्हीं हातांनीं हळूहळू वांकवीत गेलें म्हणजे ती कांहीं वेळ ताण सोसते, आणि शेवटीं कडकन् मोडून हाताला झिणझिण्या आणते. पृथ्वीच्या कवचाचेंहि तसेंच आहे. खडक वर्षानुवर्षें ताण सोसतात, सहनशक्ति संपतांच मोडतात, आणि त्या मोडण्याचा हादरा म्हणजे भूकंप. या मोडण्याला आपण प्रस्तरभंग म्हणतों.

आतां मिल्न यांच्यापुढें दोन वाटा होत्या. आपल्या नामांकित ग्रंथाचा पक्ष घेऊन भांडत राहणें ही एक. आणि जमिनीची साक्ष मान्य करणें ही दुसरी. त्यांनीं दुसरी वाट धरली. पुढील ग्रंथांत व लेखांत त्यांनीं स्पष्टपणें लिहिलें कीं, मोठे भूकंप बहुतांशीं खडकांच्या मोडण्यामुळें होतात; ज्वालामुखीचे धक्के असतात खरे, पण ते बहुधा लहान असून जवळपासच जाणवतात. अरबस्तानांतील त्या वृद्ध पंडिताचें स्मरण त्यांना त्या वेळीं झालें असेल किंवा नसेल. परंतु शिष्यानें धडा नीट गिरविला होता, यांत संशय नाहीं.

यानंतर त्यांच्यावर मोठें संकट ओढवलें. सन १८९५ च्या फेब्रुवारींत त्यांच्या टोकियोच्या घरास आग लागली, आणि यंत्रें, टिपणें, पुस्तकें असा वीस वर्षांचा संग्रह जळून गेला. एखादा सामान्य मनुष्य खचून गेला असता. मिल्न त्याच वर्षीं पत्नीसह इंग्लंडास परतले व आइल ऑफ वाइट या बेटावरील शाइड नांवाच्या खेड्यांत त्यांनीं नवी वेधशाळा थाटली. हिरोता नांवाचा त्यांचा जपानी साहाय्यकहि बरोबर आला होता.

भूकंप नाहीं अशा इंग्लंडांत भूकंपाचा अभ्यास कसा व्हावा, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर पूर्वींच मिळालें होतें. ता. १८ एप्रिल १८८९ च्या सुमारास जपानांत झालेल्या एका भूकंपाच्या लहरी जर्मनींतील पोट्सडॅमच्या नाजूक यंत्रावर उमटल्या होत्या, व फॉन रेबॉयर-पाश्विट्झ या तरुण शास्त्रज्ञानें त्या ओळखल्या होत्या. म्हणजे मोठा भूकंप कोठेंहि होवो, त्याच्या लहरी सर्व पृथ्वींतून जातात! मिल्न यांनीं ठरविलें कीं, साऱ्या पृथ्वीवर एकाच नमुन्याचीं यंत्रें बसवावयाचीं आणि तीं काय लिहितात तें शाइडला एकत्र करावयाचें. टोकियोच्या पोस्टकार्डांचीच ही जगव्यापी आवृत्ति होती.

या योजनेंत आपली मुंबईहि आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुलाब्याच्या वेधशाळेंत मिल्न यांच्या नमुन्याचें भूकंपलेखक यंत्र बसलें. तेव्हां वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस. त्या पदावर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. सन १८९६ पासून १९१९ पर्यंत त्यांनीं तें काम सांभाळलें. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यामुळें चुंबकीय मोजणींत बिघाड होणार, हें ओळखून अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्याचें श्रेयहि त्यांचेंच. मिल्न यांच्या यंत्रांत एक आडवा दांडा असे. दिव्याचा किरण बारीक फटींतून छायाचित्राच्या कागदावर पडे आणि घड्याळाच्या चाकांनीं तो कागद संथपणें पुढें सरके. हजारों मैलांवरील भूकंपानें दांडा थरथरला कीं कागदावरील सरळ रेघ फुगे. मुंबईकर झोपेंत असत, आणि कुलाब्याचा कागद दूरदेशींच्या धरणीकंपाची वार्ता लिहून ठेवी.

दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या डिस्कव्हरी जहाजावरहि असें एक यंत्र गेलें होतें. मिल्न यांच्या अखेरच्या काळांत अशीं सुमारें ६० ठाणीं जगभर पसरलीं होतीं. त्यांच्या वार्तांवरून मिल्न पृथ्वीच्या नकाशावर भूकंपांचे प्रदेश आंखीत, आणि ते प्रदेश विखुरलेले नसून कांहीं ठराविक पट्ट्यांतच एकवटलेले दिसत. असें कां, हें मात्र कळण्यापूर्वींच, ३१ जुलै १९१३ रोजीं, या कर्मयोग्यानें देह ठेविला. त्यांच्या पत्नी पुढें आपल्या मायदेशीं परतल्या.

त्या पट्ट्यांचें कोडें उलगडण्यास आणखी अर्धें शतक लागलें. खंडें सरकतात हा विचार आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञानें सन १९१२ मध्यें मांडला होता. परंतु तो बहुतेकांनीं हंसण्यावारी नेला. सन १९६० नंतरच्या दशकांत समुद्रतळाची पाहणी व भूकंपकेंद्रांचे बिनचूक नकाशे हातीं आले, तेव्हां विद्वानांची खात्री पटली कीं पृथ्वीचें कवच अखंड नसून मोठमोठ्या भूपट्टांचें बनलेलें आहे. हे भूपट्ट संथ गतीनें सरकतात. कोठें एकमेकांस भिडतात, कोठें घासतात, कोठें एक दुसऱ्याच्या खालीं जातो. मिल्न यांचे पट्टे म्हणजे बहुतांशीं या भूपट्टांच्या कडाच होत. जपानांत व आपल्या अंदमानाजवळ एक भूपट्ट दुसऱ्याखालीं शिरतो, म्हणून तेथें भूकंपहि होतात आणि ज्वालामुखीहि असतात; भारतांतील एकमेव जागृत ज्वालामुखी, बॅरन बेट, अंदमानांतच आहे. तात्पर्य, ज्वालामुखी व भूकंप हे बापलेक नव्हत; तीं भावंडें आहेत, आणि त्यांची जननी म्हणजे भूपट्टांची हालचाल.

आतां गिल्बर्ट हिलकडे परत येऊं. ज्या अग्नीनें आपला डोंगर घडविला त्याचें मूळ खोल भूगर्भांत होतें, आणि तें आज हिंदी महासागरांतील रियुनियन बेटाखालीं आहे, असें बहुतेक भूगर्भवेत्ते मानतात. तेथील ज्वालामुखी अजूनहि जागा असतो. आपला भूपट्ट मात्र त्या भट्टीवरून उचललेल्या तव्याप्रमाणें हजारों किलोमीटर उत्तरेस सरकून आला आहे. सबब अंधेरीचा खडक पुन्हां पेटण्याची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. वज्रेश्वरीचीं ऊन पाण्याचीं कुंडें पाहून कोणी घाबरूं नये. जमिनींत खोलवर मुरलेलें पाणी तेथील स्वाभाविक उष्णतेनें तापून वर येतें, इतकेंच.

तथापि अग्नि विझला म्हणजे धोका टळला, असेंहि नव्हे. आपला भूपट्ट आजहि वर्षाला सुमारें ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत हिमालयास रेटीत आहे, व त्या रेट्याचा ताण दूर दक्षिणेंतील जुन्या खडकांसहि जाणवतो. ता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलें आणि तो धक्का मुंबईसहि जाणवला. तेथें धरणाच्या जलाशयाचा भार व भेगांत मुरलेलें पाणी यांनीं ताणलेल्या खडकांस सरकविलें, असें संशोधक सांगतात. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतिविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशीं, किल्लारी व आसपासचीं गांवें ढिगाऱ्याखालीं गेलीं. जवळजवळ १०,००० माणसें दगावलीं. दोन्हीं ठिकाणीं वरचा खडक ज्वालामुखीचा. कारण मात्र खोल खडकांचें मोडणें. आणि किल्लारीस बहुतेकांचा जीव घेतला तो धरणीनें नव्हे, तर मातींत रचलेल्या जाड दगडी भिंतींनीं. मिनो-ओवारीच्या विटांच्या गिरण्यांनीं हाच धडा शंभर वर्षांपूर्वीं दिला होता. भूकंपाची तिथि व वेळ आधीं सांगणें आजहि कोणास साधलेलें नाहीं. म्हणून अफवांवर कान न देतां घर मजबूत बांधणें, यांतच शहाणपण आहे. पालकांनीं एवढें ध्यानीं ठेविलें तरी पुरे.

विद्यार्थी मित्रहो, मिल्न यांच्या चरित्रांतून तुम्ही काय घ्यावें? त्यांचा दीर्घोद्योग घ्या. वीस वर्षांचा संग्रह जळून गेला तरी पुन्हां पहिल्यापासून आरंभ करण्याचें त्यांचें धैर्य घ्या. परंतु याहूनहि मोलाची गोष्ट आम्हांस दुसरीच वाटते. पाटीवर चुकलेलें गणित पुसावयास फारसें मन लागत नाहीं. छापलेल्या ग्रंथांतील चूक जगासमोर पुसावयास फार मोठें मन लागतें. तें मन ज्याच्यापाशीं आहे तोच सत्याचा खरा उपासक. पुढच्या खेपेस गिल्बर्ट हिलच्या पायऱ्या चढाल तेव्हां त्या काळ्या दगडास हात लावून क्षणभर उभे राहा, आणि ज्यानें दगडाची साक्ष आपल्या अभिमानाहून मोठी मानिली त्या सत्पुरुषाचें स्मरण करा.